होडीतली उशी

३ फेब्रुवारी, बुधवार

आज मी मास्तरांची सुरई फोडली. चुकून नाही — नीट तपासून, खूण करून, फुटक्या काचेच्या पिंपात टाकली. आणि ती माझ्यासाठी होती!

झालं असं. सकाळी टेबलावर नेहमीचा माल लागला होता, प्रयोगशाळेचे चंबू. रांगेच्या शेवटी एक निळसर सुरई. ही कुठून आली म्हणून कुणाला विचारायचं सोडून मी ती उचलली आणि सवयीने दोन काळ्या भिंगांच्या मध्ये धरली. इतकी वर्षं हेच तर करतेय. काच सावकाश थंड झालेली असली की त्या भिंगांतून नुसता काळोख दिसतो. घाईने थंड झाली असेल तर आत ताण राहतो, आणि ताण असेल तिथे रंग दिसतात — जांभळा, पिवळा, हिरवा. दिसायला सुरेख. पण अशी काच भरवशाची नाही. फळीवर नुसती ठेवलेली असते, कुणी हातसुद्धा लावत नाही, आणि एक दिवस आपली आपण फुटते. सुरईच्या मानेपाशी रंग होते. टाकली.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर आले. मास्तर म्हणजे आमचे भट्टीवरचे — उभा जन्म नळीने फुंकर घालून काच फुगवण्यात गेलाय. त्यांनी टेबलाकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पोट धरून हसले. म्हणाले, "बरोबर केलंत. मानेपाशी घाई झाली माझी." तुमच्यासाठीच होती, दुसरी करतो म्हणाले. कशाबद्दल, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. कपाळाला हात लावून बसले नुसती.

४ फेब्रुवारी, गुरुवार

क्लचबाईंचा शास्त्रवर्ग, म्हणजे बायबलचा. हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय, तोंडावर 'बाई'च म्हणते. बाईंनी हयातभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. आता शिकवणी बंद, पण वर्ग भरतो त्याच जुन्या खोलीत. भिंतींवर अजून वाहतुकीच्या खुणांचे तक्ते आहेत. 'पुढे धोकादायक वळण' याच्या बरोबर खाली माझी खुर्ची. साजेशी!

मी लेकीच्या आग्रहाखातर जायला लागले. प्रार्थनामंदिरात लहानपणापासून जातेच, आणि खरं सांगायचं तर गाढ झोप अशी मला तिथेच लागते. पण बाई पाळकांसारखं सांगत नाहीत. त्यांचं म्हणणं, "बाहेर काय घडलं ते जाणकारांना विचारा. मी आत काय चाललंय तेवढंच बघते."

आज होडी निघाली. वादळ, लाटा, होडीत पाणी, शिष्यांची गाळण उडालेली — आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला. शंभरदा ऐकलेली गोष्ट. शिष्य त्याला उठवतात, तो वाऱ्याला दटावतो, सगळं शांत. मी मान डोलवायच्या बेतात होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "होडी म्हणजे तू. वादळ तुझं. ओरडणारे बारा जणही तूच. आणि झोपलाय तो कुठे आहे?"

मग त्यांनीच पुढे सांगितलं.

"तोही त्याच होडीत आहे ना? मग तुझ्या आत एक जागा अशी आहे, जिथे या क्षणीसुद्धा कुणीतरी उशीवर डोकं टेकून झोपलंय. त्याला उठवायची घाई कशाला? जा, त्याच्या शेजारी जाऊन आडवी हो."

मी म्हटलं, "बाई, होडीत पाणी शिरलंय आणि आडवी कशी होऊ?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "तेच तर शिकायचंय," म्हणाल्या.

मला पटलं नाही. पण घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

एवढ्या घाईत निघालेल्या होडीत उशी कुणी आणली असेल?

८ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांनी विचारलं!

गेले काही दिवस मला एक गोष्ट खटकत होती. पूर्वी मला सरळ 'ताई' म्हणायचे. महिन्याभरापासून बंद. 'मॅडम' नाही, 'बाई' नाही, काहीच नाही. हाक न मारता बोलायचं म्हणजे काय कसरत! "चहा घेणार का?" "इकडे जरा बघता का?" — समोर भिंत असावी तसं. मला वाटलं, कशाचा तरी राग. तर आज चहाच्या सुट्टीत बाकावर शेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्हाला ताई म्हणवत नाही आता. काय म्हणू ते तुम्हीच ठरवा."

मी कप खाली ठेवला.

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सरळ. मार्चअखेरीला निवृत्त होतायत. लग्न कधी केलं नाही, भट्टीशीच संसार झाला. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी बोलावतोय, त्याच्याकडे एक खोली रिकामी आहे. जायचं की राहायचं ते माझ्यावर. "तुम्ही हो म्हणालात तर राहीन. नाही म्हणालात तर जाईन, राग नाही. घाई करू नका. घाईचं काय होतं ते तुम्ही पिंपात टाकलंतच."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. दोन्ही एकदमच.

माणूस मला आवडतो. लिहून टाकलं! या वयात! पण आमचे हेसुद्धा मला आवडत होते. सकाळी "येतो गं" म्हणून गेले आणि कचेरीच्या जिन्यात खाली बसले ते बसलेच. मला कळलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तेव्हापासून कुणी "येतो" म्हटलं की ते परत दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला. लेक शाळेतून यायला उशीर करायची तर मी फाटकाशी उभी. अजून तिचा फोन दोनदा वाजून बंद झाला तरी मी लगेच उलटा फोन लावते. त्यात आणखी एक माणूस? रोज भट्टीपुढे उभं राहणारा?

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. मी तर पाणीसुद्धा फुंकून पिते.

९ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला फोनवर सांगितलं.  मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "आई, हो म्हणत नाहीयेस, तर निदान एखादी खोट तरी सांग त्यांची." मी म्हटलं, खोट काही नाही. "मग?" म्हणाली. मी म्हटलं, तेही एक दिवस मरतील. तर कार्टी म्हणते कशी, "आई, ती काय त्यांच्या एकट्याचीच खोट आहे का गं?"

हसून हसून डोळ्यांत पाणी. 

११ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गानंतर मागे थांबले. बाईंना मास्तरांचं सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, मला ती झोपायची जागा सापडत नाही. डोळे मिटून बसले की आत बारा जणांचा गोंगाटच ऐकू येतो.

बाईंनी चहा टाकला. म्हणाल्या, "मी जन्मभर अशा गाडीत बसले जिचं चाक दुसऱ्याच्या हातात होतं. तेही ज्याला चालवता येत नाही अशाच्या." मी म्हटलं, तुमच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा की. "असायचा," म्हणाल्या. "ब्रेक गाडी थांबवतो. पोटातला गोळा थांबवत नाही. सुरुवातीला मी दिवसभर त्या ब्रेकवर पाय रोवून बसायचे. संध्याकाळी पिंडरी दगड. शिकणाराही माझ्या पायाकडेच बघायचा, रस्त्याकडे नाही."

"मग?"

"मग एक दिवस पाय काढला. शेजारी बसून राहिले. तेवढंच."

मला वाटलं आता पुढे काहीतरी मोठं सांगतील. त्यांनी कप विसळले. जाताना म्हणाल्या, "शास्त्रात कोण कोण झोपलंय ते शोध. तुला तपासायला आवडतं ना? तपास."

१३ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. घरातली कामं तशीच टाकून शास्त्र घेऊन बसले आणि एकेक झोपाळू हुडकून काढला. काय मजा आहे!

आदाम झोपला, उठतो तर शेजारी बायको. याकोब घरातून पळालेला, उशाला धोंडा, आणि त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते. एलीया जिवाला कंटाळून झाडाखाली पडला — देवदूत उपदेश करत नाही, भाकर देतो, पाणी देतो, आणि पुन्हा झोपू देतो! पेत्र तर कमालच. तुरुंगात, साखळ्यांनी दोन शिपायांना जखडलेला, सकाळी जीव जाणार, आणि गडी असा झोपलाय की देवदूताने उजेड पाडला तरी जाग नाही. शेवटी बरगडीत ढोसावं लागलं.

यातल्या कुणालाच झोपताना सुखरूपपणाची हमी नव्हती. आतून कडी घालायची सोय नव्हती, पहारा होता तोही शत्रूचा. आणि जे मिळालं ते झोपेत मिळालं, कमावून नाही. मी इतकी वर्षं जागी राहून काय राखलं? आमच्या ह्यांचं जाणं मी जागी असतानाच झालं. भर सकाळी.

हे लिहिलं आणि रडू येईल असं वाटलं. आलं नाही. हलकं वाटलं.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

घोटाळा! सीसरा सापडला. लढाईतून पळून एका बाईच्या तंबूत येऊन झोपला. तिने पांघरूण घातलं, दूध पाजलं, आणि झोप लागल्यावर डोक्यात मेख ठोकली. त्याच्यापाठोपाठ तो युतुख — प्रवचन ऐकता ऐकता पेंगला आणि खिडकीतून तिसऱ्या मजल्यावरून खाली. (याच्यावर माझा विशेष जीव आहे, कारण उघड आहे.) आणि योना! तोही वादळात, तोही होडीत, तोही गाढ झोपलेला — आणि त्याच्यामुळेच वादळ!

जेवणाच्या सुट्टीत बाईंना फोन लावला. "बाई, सीसराचं काय?" पलीकडून बराच वेळ नुसतं हसू. म्हणाल्या, "गुरुवारी ये. तोवर कुणाच्या तंबूत झोपू नकोस."

मास्तर बाजूलाच डबा खात होते. त्यांनी विचारलं, सीसरा कोण? मी गोष्ट सांगितली. ते गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडे हातोडी आहे, पण मेख नाही." मला असा ठसका लागला की पाठीवर थापटायला शेजारच्या टेबलावरून माणूस उठून आला.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

बाई म्हणाल्या, "युतुखाला सोड, बिचारा दमला होता, आणि तो पुन्हा जिवंत झालाच की. पण सीसरा आणि योना बघ. दोघं पळून आलेले. ज्याच्यापासून पळालो ते दिसू नये म्हणून झोपले. ती झोप नाही, ते लपणं. होडीतला तो कशापासून पळाला नव्हता. पाऊस त्याच्याही अंगावर पडत होता."

मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "तू घरात सगळ्या कड्या घालून बसतेस ते यातलं कुठलं?"

मी वरच्या तक्त्याकडे बघितलं. धोकादायक वळण.

२१ फेब्रुवारी, रविवार

हे कसं लिहू?

दुपारची वेळ. जेवण झालेलं, भांडी घासून पालथी घातलेली, खिडकीतून ऊन सतरंजीवर. मी खुर्चीत बसले होते. लेकीने सकाळी निघते म्हणून कळवलं होतं, पोचल्याचा फोन नव्हता. नेहमीचे बारा जण सुरू झाले — गाडी उलटली असेल, फोन हरवला असेल, दवाखाना, पोलीस. मी त्यांना गप्प करायला गेले नाही. आज प्रथमच गेले नाही. म्हटलं, ओरडा. आणि मनातल्या मनात त्यांच्यामधून वाट काढत मागे मागे गेले. पाणी होतं, अंधार होता. लाटा तेवढ्याच. आणि मागे, एका कोपऱ्यात, खरंच कुणीतरी होतं. दिसलं नाही. आवाज नाही. पण जसं झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या खोलीत पाऊल टाकलं की न बघता कळतं, तसं कळलं. तिथे जागा होती. माझ्यापुरती. माझ्यासाठीच ठेवलेली वाटावी अशी.

मी टेकले.

भीती गेली नाही. तिथेच होती, होडीच्या पुढच्या भागात, हातवारे करत. पण मी तिच्यात नव्हते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन सतरंजीवरून भिंतीवर गेलं होतं. मला इतका आनंद झाला होता की पाय जमिनीला टेकत नव्हते. उठून आधी खिडक्या उघडल्या सगळ्या, मग शेजारणीला उगाचच हाक मारली. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ऊन बघा काय पडलंय. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

लेकीचा फोन नंतर आला. "आई, तू एकदाही फोन केला नाहीस. बरी आहेस ना?"

बरी आहे. फार बरी आहे.

२४ फेब्रुवारी, बुधवार

आज आमच्या साहेबांना चक्कर यायची बाकी होती. माझ्या टेबलावरून परत जाणाऱ्या मालाबद्दल ते नेहमी कुरकुरतात. आज पिंप जवळजवळ रिकामं.

सकाळी एक चंबू भिंगांमध्ये धरला. तळाशी अगदी पुसट रंग, असून नसल्यासारखा. हात पिंपाकडे निघालाच होता. मग थांबले आणि भिंतीवरचा नमुन्याचा तक्ता बघितला — किती रंग चालतो, किती नाही. तक्ता तिथे वर्षानुवर्षं आहे. एवढा रंग चालतो! थोडा ताण प्रत्येक काचेत असतो, आणि तेवढ्याने काच फुटत नाही. मी सगळ्यांकडून पुरा काळोख मागत होते. चंबू पास केला, मग पुढचा. ज्यांच्यात खरंच खोट होती ते टाकलेच. काम सोडलं नाही, फक्त भीतीला कामावरून काढलं.

साहेब म्हणाले, तब्येत ठीक आहे ना. चार दिवसांत हा प्रश्न दुसऱ्यांदा. माणूस आनंदी दिसला की लोकांना काळजी वाटते!

२७ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांबरोबर नदीकाठी फिरायला गेले. त्यांनी चालताना रस्त्याची बाजू घेतली, मला आतली दिली. बोलायला विषय भरपूर — त्यांचे हात भाजल्याचे किस्से, लेकीच्या खोड्या, साहेबांची टोपी. होडीचंही सांगितलं, रविवारचं सगळं. ते नीट ऐकत होते. म्हणाले, "काच फुगवताना असंच असतं. बाहेर एवढी आग, पण आत फक्त श्वास." 

निघताना म्हणाले, पुढच्या रविवारी भावाकडची खोली बघून येतो, त्याला शब्द दिलाय. मी "बरं" म्हटलं. बरं! 'हो' ओठांवर होतं आणि 'बरं' बाहेर पडलं. जिभेला काय झालं होतं देव जाणे.

२ मार्च, मंगळवार

शांत. रोज थोडा वेळ होडीच्या मागच्या भागात जाऊन येते. मास्तरांना अजून काही बोलले नाही.

४ मार्च, गुरुवार

बाईंना शेवटी मास्तरांचं सगळं सांगितलं. वाटलं शाबासकी मिळेल. एवढी शांत झालेय, ते राहिले काय, गेले काय, माझं आतलं ठिकाण पक्कं आहे.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे आता होडीतच राहणार?"

"म्हणजे?"

"अगं, ती होडी निघाली कशाला होती? त्यानेच सांगितलं होतं ना, पलीकडच्या काठाला जायचंय म्हणून. झोपायला कुणी होडीत बसत नाही. उशी वाटेपुरती असते."

तोंडात मारल्यासारखं झालं. मग दोघी हसलो. मी इतक्या कष्टाने शांती मिळवली आणि तिचीही कडी करून आतून घालून घेतली होती! योनाची मावशी मी.

"गाडी येते का चालवायला?" बाईंनी निरोप घेताना विचारलं. नाही म्हटलं. "चांगलंय. शेजारी बसायला शीक."

सोमवारी 'हो' सांगणार. ठरलं. मास्तर रविवारी खोली बघून येतील, सोमवारी चहाच्या सुट्टीत सांगणार. काय हाक मारायची तेही ठरवू दोघं मिळून.

८ मार्च, सोमवार. दुपार

रुग्णालयाच्या बाकावर लिहितेय.

चहाची सुट्टी झालीच नाही. मी पोचले तेव्हा मास्तरांना भट्टीपासून स्ट्रेचरवर नेत होते. काल प्रवासातच पोटात दुखायला लागलं होतं म्हणे, कुणाला बोलले नाहीत, सकाळी कामावर उभे राहिले आणि कोसळले. अपेंडिक्स फुटलंय. लगेच ऑपरेशन. गाडीत मी शेजारी बसले. चेहरा पांढरा, घामाने डबडबलेला. मला बघून म्हणाले, "खोली चांगली होती हो. पण उजेड नाही." एवढंच. मग ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं.

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, आता बघू. भाऊ निघालाय, पोचायला संध्याकाळ.

बारा जण सगळे उभे. असे कधी ओरडले नव्हते.  जिना, कपडे, वाळत घालायची दोरी — सगळं डोळ्यांसमोर. देवा, मला त्यांना सांगायचं होतं.

मागे जाते. जागा असेल. असू दे.

९ मार्च, मंगळवार

झोप लागली होती! त्या लाकडी बाकावर, भर गर्दीत, पर्स उशाला घेऊन. नर्सने खांदा हलवून उठवलं. "काकू, उठा. तुमचे मिस्टर शुद्धीवर आलेत. सारखे विचारतायत, ती जेवली का म्हणून."

मी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या. ही काढली नाही. "आले" म्हटलं आणि आत गेले.